अडकलेलं पान

मशीन नेमकी त्याच पानावर मेली. आधी बाण थांबला, मग बाणाच्या जागी निळं कडं गरगरायला लागलं, आणि मग सगळ्या पडद्यावर पांढुरकी साय धरली, मेलेल्या जनावराच्या बुबुळावर धरते तशी. सायीमागं अभिमन्यूच्या बापाचा फोटो होता. फेटा बांधलेला, एका अंगाला कलंडलेल्या जबड्याचा बाप. आणि फोटोखाली लेख, 'नानांनी मला जीवदान दिलं', लेखक आसाराम, ऊसतोड मजूर. अभिमन्यूनं माउस उचलून आपटला. पान वर जाईना, खाली येईना. ज्या पानावरून तो रोज डोळे चोरून खाली घसरत आला होता, ते पान आता भर दुपारी, गेवराईतल्या त्याच्या दहा बाय दहाच्या टायपिंगच्या दुकानात, तिरडीवर ठेवल्यासारखं सगळ्यांपुढं उताणं पडलं होतं. पाठीमागं प्लॅस्टिकची खुर्ची करकरली.

"काय झालं बे?" अंगदनं विचारलं.

"शुद्धलेखन तपासायलंय, भाऊ. अडकलंय जरा. येतंय."

"सकाळधरून येतंयच हाय तुझं. तिकडं बीडला छापखानेवाला प्लेटा काढायला बसलाय. सुग्रीव, फोन लाव रे त्याला. म्हणावं निघालोच."

दाराच्या चौकटीला पाठ घासत उभ्या असलेल्या सुग्रीवनं फोन लावला आणि जागचा न हलता, थेट रस्त्याकडं बघत सांगितलं, "हां, पाडळशिंगी सोडली बघा. आलोच." मग फोन खिशात घालून तो पचकन थुंकला आणि अभिमन्यूच्या पाठीला म्हणाला, "मालक, आता पाडळशिंगी सोडल्यावानी हलवा की हात."

हात हलवून काय करणार होता? विठ्ठलरावनानांना साठ पूर्ण झाली होती, उद्या मैदानात मांडव पडायचा होता आणि मांडवात हा गौरवग्रंथ निघायचा होता. गेल्या साली विरोधी गटाच्या पुढाऱ्याचा असाच ग्रंथ निघाला, त्यात पानागणिक चुका, आणि साऱ्या तालुक्यानं त्या पानांचे फोटो काढून एकमेकांना पाठवत महिनाभर दात काढले. तेव्हापासून नानांच्या डोक्यात एकच भुंगा: आपल्या ग्रंथात एक चूक दिसायला नको. म्हणून पुतण्याला, अंगदला, त्यांनी अभिमन्यूच्या उरावर बसवला होता. "एक बी चूक निघाली तर तुझी बोटं कापून ग्रंथातच छापीन," असं अंगद पहिल्याच दिवशी हसत म्हणाला होता. अंगदचं हसत बोललेलं उमापुरापासून गेवराईपर्यंत कुणी थट्टेवारी नेत नाही. आणि त्या भीतीपोटी अभिमन्यूनं कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर आणलेला हा मराठी शुद्धलेखन तपासनीस मशीनमध्ये कोंबला होता. मशीन जुनी, फाईल जाडजूड, फोटोंनी फुगलेली. तपासनीस एकेका शब्दापाशी थांबायचा, हुंगायचा, विचार करायचा, म्हाताऱ्या बैलासारखा पाय ओढत पुढच्या शब्दाकडं जायचा.

पण त्याचं हुंगणं बघून अभिमन्यूच्या डोक्यात आठवडाभर तिडीक उठत होती. उमापूर आलं की खाली लाल नागमोडी रेघ. पाली आली की रेघ. भिवराबाई, वर्षाराणी, कोपी, पाचट, मोळी, रेघ, रेघ, रेघ. त्याच्या ओळखीची गावं, त्याची आई, त्याची बायको, त्याचं लहानपण ज्या झोपड्यांत गेलं त्या झोपड्या, सगळं त्या मशीनच्या लेखी चुकलेलं होतं. आणि 'दीनदुबळ्यांचा कैवारी' सुतासारखा सरळ निघून जायचा. 'करुणेचा सागर', स्वच्छ. 'जनसामान्यांचे आधारवड', स्वच्छ. ही सगळी रांडलेकाची वाक्यं अभिमन्यूनंच लिहिली होती. सरपंच, चेअरमन, गुरुजी, डॉक्टर, ज्याच्या त्याच्या नावावरचा लेख त्याच्याच बोटांतून उतरला होता, कारण तालुक्यात असा लिहिणारा दुसरा नव्हता. शाळा त्याची आठवीत तुटली. बाकीचं तो कारखान्याच्या तळावर शिकला, कोपीच्या दारात, किराणा बांधून आलेल्या पेपरच्या तुकड्यांवरून. तेलाचा डाग पडलेल्या अर्ध्या बातमीचं उरलेलं अर्धं तो मनानं रचायचा. बाप मोळी टाकून आला की विचारायचा, काय लिवलंय रं आज? आणि अभिमन्यू वाचून दाखवायचा, जेवढं छापलं होतं तेवढं आणि जेवढं नव्हतं तेवढंही. बाप खूश होऊन मान हलवायचा. तेव्हा त्याचा जबडा सरळ होता.

साय तशीच होती. कडं फिरत होतं. अभिमन्यूला वाटलं, वायर उपटावी. उपटली की फाईलचं काहीबाही होईल, सकाळपासूनचं काम जाईल, आणि अंगद म्हणेल तू मुद्दाम केलंस. त्याच्या डाव्या हाताला कागद कापायचं यंत्र होतं, लांब पात्याचं, गेल्याच आठवड्यात धार लावून आणलेलं. आठवडाभर अंगद पाठीमागं बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता, आणि प्रत्येक शेंगेच्या कटकन आवाजासरशी अभिमन्यूच्या मनात ते पातं वर जात होतं आणि खाली येत होतं. मनगटावर. कोपरावर. एकदा त्यानं मनातल्या मनात अंगदचा अख्खा हात कांडीकांडीनं तोडला होता, ऊस तोडतात तसा, खालून बुडख्यापासून वर वाढ्यापर्यंत, आणि त्याच वेळी तोंडानं विचारलं होतं, "भाऊ, चहा सांगू का?" हे त्याला सगळ्यांत जास्त सलायचं. मनातलं पातं आणि तोंडातला चहा एकाच माणसाचे कसे असतात?

त्या दिवशीही ऊसच होता. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आसारामनं नानांच्या माणसाविरुद्ध फॉर्म भरला आणि काढ म्हटल्यावर काढला नाही, एवढंच कारण. नानांच्या गोठ्यापुढं बैलांना टाकायला आणलेल्या उसाचा ढीग पडला होता. अंगदनं त्यातलेच ऊस उपसले. जन्मभर ऊस तोडलेल्या माणसाला उसानं मारायचं, ही त्याची अक्कल, आणि ती त्याला इतकी आवडली की प्रत्येक ऊस पाठीवर तुटला की तो नवा घेताना हसायचा. सुग्रीवनं अभिमन्यूला फाटकापाशी मानगुटीला धरून ठेवलं होतं. अभिमन्यू त्या वेळी चांगला तिशीचा बाप्या होता, सुग्रीव त्याच्यापेक्षा अंगानं अर्धा. पण अभिमन्यू हलला नाही. मानेवरचे ते पाच बोटांचे डाग त्याला अजून हाताला लागतात, कातडीवर काही नसताना. बाप ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. फक्त ऊस तुटण्याचा आवाज, आणि रस. बापाच्या सदऱ्यावर रस आणि रक्त एकत्र झालं आणि त्याचा असा काही गोड, उग्र वास सुटला की कुठून कुठून गांधीलमाश्या आल्या. बाप मातीत पडला आणि माश्या त्याच्या पाठीवर चालत होत्या. मग अंगदनं त्याला बगलेत हात घालून उचललं, गोठ्याच्या भिंतीला टेकवून उभं केलं, ट्रॉलीची लोखंडी पिन घेतली, तीच ती, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात ती, मनगटाएवढी जाड, आणि एकदाच. त्या एका घावाला जो आवाज आला तो उसाचा नव्हता. त्यानंतर आजवर रसवंतीच्या घुंगरांपुढनं जाताना अभिमन्यू नाक दाबतो. बाप भाकरी दुधात कुसकरून, बोटानं गालाच्या आत सरकवून गिळतो, आणि अर्धं जेवण झालं की हनुवटी पुसत भिंतीकडं तोंड करतो, सुनेसमोर.

केस झाली होती. ती कोर्टात निवांत निजली होती आणि आता कुठं साक्षीची तारीख आली होती. तारीख आली तशी माणसं आली. मारुतीच्या पारावर बैठक बसली. इकडची रीत अशी की भांडण मिटवायचं तर मार खाल्लेल्यानं मारणाऱ्याला शाल-नारळ द्यायचा, कारण मार खाल्लेल्यानं पोलिसात जाऊन मोठ्या घराची अब्रू घालवलेली असते. मारणाऱ्याचं काय, त्याचा हात दुखला असेल तेवढाच. आसारामनं शाल दिली. नारळ दिला. चहा झाला. आणि मग नानांच्या वकिलानं सुचवलं की आसारामचा एक लेख ग्रंथात घ्या: ट्रॅक्टरवरून पडलो, नानांनी स्वतःच्या गाडीतनं दवाखान्यात नेलं, आयुष्य दिलं. पोरगा लिहितोच की. छापील पान कोर्टात दाखवलं, वर मांडवात म्हाताऱ्यानं नानांना फेटा बांधला, की साक्षीत उरतं काय? त्या संध्याकाळी घरी अभिमन्यू भिंतीवर मुठी आपटत होता, तेव्हा बाप वाकड्या तोंडानं, लाळ सावरत म्हणाला होता, "लिव्ह बाबा. माझं तोंड गेलं ते गेलं. तुझं डोस्कं जाऊ देऊ नको." आई भिवराबाई चुलीपुढनं उठलीच नाही. अभिमन्यूनं लिहिलं. आणि लिहिताना, लाज वाटावी असं, त्याला ते चांगलं लिहावंसं वाटलं.

"हा तुझा बा ना बे?" अंगद खुर्ची ओढत अगदी खांद्याशी आला. त्याच्या तोंडाला शेंगदाण्याचा आणि गुटख्याचा वास येत होता. "फोटो भारी आलाय. थांब, थांब. बंद नको करू."

"बंद व्हायलाच न्हाई, भाऊ."

"मग वाचू की तवर." अंगदनं बोट पुढं केलं. दोन अंगठ्या घातलेलं, जाड, मिठानं पांढरं पडलेलं ते बोट पडद्यावर बापाच्या हनुवटीशी टेकलं आणि तिथून खाली पहिल्या ओळीवर आलं. अंगद वाचायला लागला. त्याला मनात वाचता येत नाही. तो पहिलीतल्या पोरासारखा एकेका शब्दावर बोट ठेवून, मोठ्यानं, शब्द फोडून वाचतो, आणि वाचून झाल्यावरच त्याला अर्थ लागतो. "मी... आसाराम. को... कोयता हीच माझी... पाटी... आन उसाचं... रान... हीच माझी शाळा."

"वा!" सुग्रीव दारातनं म्हणाला.

"त्या दिवशी... ट्रॅक्टरव... वरून... माझा तोल... गेला. जबडा... दगडावर... आपटला. मला वाटलं, आता आपलं... माणूसपण... मातीत... मिळालं." अंगद थांबला. ओळ पुन्हा बोटानं चाचपली. अभिमन्यूला आपलं वाक्य त्या तोंडातनं येताना ऐकू आलं, आणि ते चांगलं होतं. हे 'माणूसपण' त्यानं एका रात्री उठून बदललं होतं. आधी तिथं 'आयुष्य' होतं.

"तुझ्या बापाला एवढं सुचतंय होय बे?"

"मीच लिहिलंय, भाऊ."

"ते ठाऊक हाय. म्हनून तर म्हनतो, लई भारी लिवतोस. पडला-बिडला एकदम खरं वाटायलंय." अंगद सुग्रीवकडं वळून हसला. "आयला, मला बी वाटायलं, पडलाच असंल म्हातारा."

सुग्रीव इतका हसला की त्याला ठसका लागला. अभिमन्यूही हसला. हसल्याचं त्याला नंतर कळलं, गाल दुखला तेव्हा. आपलं तोंड आपल्याला न विचारता हसतं, चहा विचारतं, भाऊ म्हणतं. मग आपल्या बापाच्या तोंडाचं दुःख आपण कुठल्या तोंडानं करतो? पंखा खडखडत होता. कड्याचं फिरणं बघून त्याला गरगरायला लागलं. ते कडं पडद्यावर फिरत नसून आपल्या कवटीच्या आत फिरतंय, आणि फिरता फिरता आतलं मऊ काहीतरी खरवडून काढतंय, असं त्याला वाटलं.

अंगदचं बोट आणखी खाली गेलं. ओठ हलत राहिले. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "नानांनी... मला... स्वतःच्या... गाडीत... घातलं." त्यानं परत वाचलं. "आन मी कुठंय ह्यात?"

"भाऊ?"

"मी, मी. अंगद. समद्या ग्रंथात माझं नाव न्हाई, नुसतं संयोजक म्हनून मागच्या पानावर. आन नाना का म्हनून उचलतील तुझ्या बापाला? नानांची कंबर धरलेली हाय दहा वर्षांपासून. लोक हसतील की. उचलायला तिथं कुणीतरी पायजे." तो मागं रेलला. विचार त्याला आवडला होता. उसाचा आवडला होता तसाच. "लिव्ह. अंगदभाऊंनी मला स्वतःच्या हातानं उचललं. स्वतःच्या हातानं, हे लिव्हच. टाक."

उचललं होतंच की. अभिमन्यूला त्या क्षणी पातं आठवलं नाही, पिन आठवली नाही. आठवले ते बापाच्या बगलेत गेलेले दोन हात. किती हलके गेले होते ते. मायेनं उचलावं लेकराला तसे. आणि बापानं, अर्धवट शुद्धीत, त्या हातांवर भार टाकला होता. आता संपलं, आता हा आपल्याला उठवतोय, असं समजून मान त्या खांद्यावर ठेवली होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाही, वकिलाला नाही, वर्षाराणीला नाही. जबडा मोडण्याच्या आधीची ती मान. खोटं छापायला तो तयार होता. दगड, ट्रॅक्टर, गाडी, नाना, सगळं छापलं असतं त्यानं. पण हे खोटं नव्हतं. हे खरंच झालं होतं, आणि तेच आता अंगदला उपकार म्हणून छापून हवं होतं.

"टाक ना बे."

"मशीन अडकलीय, भाऊ."

"टाक म्हनतो ना."

"कळच चालत न्हाई. हे बघा." त्यानं कळा दाबून दाखवल्या. पान हललं नाही. अंगदला मशीनमधलं काही कळत नव्हतं. त्याला माणसं कळत होती. त्यानं पडद्याकडं बघितलं, अभिमन्यूच्या मानेकडं बघितलं, आणि ज्याचा अर्थ त्याला लागत होता तो लावला.

"तू मुद्दाम थांबीवलंस."

"न्हाई भाऊ, खरंच—"

थप्पड कानाखाली बसली. कपाळ टेबलाच्या कडेवर गेलं आणि दात जिभेत रुतले. आधी काहीच वाटलं नाही. मग डाव्या कानात एक बारीक, सरळ, न संपणारी शिट्टी सुरू झाली, आणि तिच्यापलीकडं दुकान लांब गेलं: सुग्रीव लांब, रस्त्यावरची शिटा भरणारी वडापची जीप लांब, पंखा लांब. तोंडात रक्ताची खारट चव पसरली. ती गिळताना त्याला एकदम कळलं की मशीन अडकलीय हे आपण इतक्या घाईनं का सांगितलं. किती बरं वाटलं होतं ते सांगताना. मी नाही म्हणत नाही, मशीन म्हणतेय. आठवडाभर तो या तपासनिसाला शिव्या देत होता आणि आठवडाभर त्याच्याच आडोशाला बसला होता: पान तपासायचंय अजून, म्हणजे पान गेलं नाही अजून. ते कडं फिरतंय तोवर बाप ट्रॅक्टरवरून अजून पडायचा होता.

आणि कडं थांबलं. आपोआप, कुणी काही न करता. साय फाटली, बापाचा फोटो लख्ख झाला, शब्दांखाली लाल रेघा एकामागून एक उगवल्या आणि बाण हाताखाली येऊन उभा राहिला. 'तपासणी पूर्ण', अशी चौकट आली. तिच्यात एकच बटण होतं. अभिमन्यूनं ते दाबलं.

"बघ," अंगद म्हणाला. त्याचा आवाज आता गोड झाला होता, मारून झाल्यावर होतो तसा. "एक वाजिवली की मशीन बी चालू व्हती. टाक आता."

अभिमन्यूनं ओठावरचं रक्त बाहीला पुसलं. बाण नेऊन 'गाडीत घातलं' च्या मागं ठेवला. आता आडोसा नव्हता. त्यानं हात कळांवर ठेवले, आणि आपण भ्यालोय हे स्वतःशी मान्य केलं. उगाच शूरपणाचा आव कशाला. मुताची कळ आली होती, आणि घरी वर्षाराणी या वेळेला बापासाठी भाकरी कुसकरत असेल हेही दिसत होतं. बोटं चालायला लागली. एक एक शब्द पडद्यावर उमटत गेला, आणि त्याच्या मागून अंगठ्यांचं ते बोट सरकत गेलं, आणि बोटामागून अंगदचा आवाज.

"अंगद... भाऊंनी," अंगदनं वाचलं. "हां. मला... स्वतःच्या... हातानं... उचललं. हां, झ्याक."

अभिमन्यू थांबला नाही.

"भिंतीला... टेकवून," बोट सरकलं. "उभं... केलं. आणि... ट्रॉलीच्या... पिनी... पिनीनं... माझा... ज... जबडा... मोडला."

शब्द तोंडातनं बाहेर पडले आणि मग त्याला अर्थ लागला. पंख्याचं एक पातं खटखट वाजत राहिलं. सुग्रीव चौकट सोडून आत सरकला.

"भाऊ," सुग्रीव हळू आवाजात म्हणाला, "ह्ये काय वाचलंत तुमी?"

अंगदचं बोट अजून पडद्यावरच होतं, 'मोडला'च्या खाली, जणू तिथं चिकटलं होतं. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाइकं होती. मघापासून सगळा लेख मोठमोठ्यानं वाचला होता त्यानं, आणि हेही तेवढ्याच मोठ्यानं वाचलं होतं. पलीकडून झेरॉक्सचा आवाज येईनासा झाला.

"खोड," अंगद म्हणाला. "खोड ते."

अभिमन्यूनं दोन कळा दाबून पान तसंच जतन केलं. मग, आठवडाभरात पहिल्यांदा, त्यानं खुर्ची फिरवली आणि पडद्याकडं पाठ करून अंगदकडं तोंड केलं.

"बरोबर वाचलंत," तो म्हणाला. भाऊ म्हणायचं राहिलं.

सुग्रीवनं शटर ओढलं. ते खडखडत जमिनीला टेकलं आणि दुपार बाहेर राहिली. आत पडद्याचा तेवढा उजेड होता, आणि त्या उजेडात अंगदचं तोंड अभिमन्यूला समोरून, जवळून दिसलं. शेंगदाण्याचा चुरा लागलेले ओठ, घामानं चिकटलेले केस, आणि डोळे. ते डोळे शटरकडं, शेजारच्या भिंतीकडं, पडद्याकडं पळत होते. ते भ्यालेले होते. मग अंगदचा हात उठला. अभिमन्यू बघत राहिला.